पहिला विजय आणि फलकावरची ओळ : खडकीतील एका हॉकी चाहत्याचे प्रकरण

प्रसंग

गेल्या हंगामात एका स्थानिक साखळी स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात खडकीतील एका क्लबच्या तरुण संघाने एका सरकारी खात्याच्या अनुभवी संघाला ३-२ असे हरवले. सामना पिंपरीच्या नेहरूनगर येथील मेजर ध्यानचंद मैदानावर, रविवारी दुपारी झाला. या संघातील निम्म्याहून अधिक मुले अठराच्या आतली आहेत, म्हणून कुणाचेही नाव येथे दिलेले नाही. मी त्या दिवशी तांत्रिक टेबलावर नोंदी ठेवण्यास बसलो होतो, त्यामुळे सामन्याविषयी जे लिहितो आहे ते नोंदवहीवरून लिहितो आहे. त्यानंतरच्या आठ दिवसांविषयी जे लिहितो आहे ते पाहिलेले आणि काही अंशी केलेलेही आहे.

प्रकरण सामन्याचे नाही, एका चाहत्याचे आहे. त्यांना सगळे आबा म्हणतात. वय एकोणसत्तर, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, स्वतः कधीकाळी कारखान्याच्या संघात लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळून मुख्यतः चेंडू अडवणारा. गेली अनेक वर्षे क्लबचा एकही सामना त्यांनी चुकवलेला नाही, आणि स्थानिक हॉकीच्या गॅलरीत पंधरा-वीस माणसे असली की गर्दी झाली असे आपण म्हणतो, त्यांतले एक आबा हे गृहीतच असते. रविवारच्या विजयानंतर त्यांचा आनंद इतका अनावर झाला, की मंगळवारी प्रशिक्षकाने मला फोन करून सांगितले, "आबांना जरा आवरा. माझं ते ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील."

आबांना आवरायचे म्हणजे नेमके काय आवरायचे, हा या प्रकरणातील प्रश्न आहे. तो सुरुवातीला प्रशिक्षकालाही नीट मांडता आला नव्हता आणि मलाही.

सामना, नोंदवहीप्रमाणे

सामन्याचे चार टप्पे, प्रत्येकी पंधरा मिनिटांचे. सहाव्या मिनिटाला खात्याच्या संघाने पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या थेट संधीवर, गोल केला. चोविसाव्या मिनिटाला आपल्या मुलांना पहिला पेनल्टी कॉर्नर मिळाला. पुश चांगला आला, परंतु डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलाच्या, रेषेबाहेर चेंडू थांबवणाऱ्याची स्टिक किंचित उचलली गेली आणि चेंडू उडून बाजूला गेला. ठरवलेला फटका मारता येणे शक्यच नव्हते. तो उडालेला चेंडू सतरा वर्षांच्या एका लेफ्ट इनने, म्हणजे आघाडीच्या फळीत डावीकडे खेळणाऱ्या मुलाने, रिव्हर्स स्टिकने गोलात लोटला. बरोबरी झाली, पण ती योजनेप्रमाणे झाली असे कुणी म्हणू नये. अडतिसाव्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्यांच्या सेंटर हाफला पिवळे कार्ड मिळाले, पाच मिनिटे ते दहा जण खेळले आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला त्याच मुलाने मधल्या मोकळ्या जागेतून दुसरा गोल केला. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला दुसऱ्या पेनल्टी कॉर्नरवर फुलबॅकची फ्लिक गोलरेषेवरच्या बचावपटूच्या स्टिकला लागून आत गेली. ३-१. त्रेपन्नाव्या मिनिटाला पुन्हा कॉर्नरवरच एक गोल परत आला आणि शेवटची सात मिनिटे सामना बहुतांशी आपल्याच डीत खेळला गेला.

आकडे असे : पेनल्टी कॉर्नर आपल्याला दोन, त्यांना आठ. प्रतिस्पर्ध्यांच्या डीत आपला प्रवेश अकरा वेळा, त्यांचा आपल्या डीत सत्तावीस वेळा. शिवाय त्यांचा नेहमीचा ड्रॅग फ्लिकर, म्हणजे कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलाकडे फेकणारा, त्या दिवशी ड्यूटीमुळे आला नव्हता. तो असता तर आठांपैकी दोनच कॉर्नर गोलात गेले असते काय, याचे उत्तर टेबलावर बसलेल्या आम्हा तिघांनाही ठाऊक होते आणि तिघांनीही ते मोठ्याने उच्चारले नाही.

हे सगळे खरे असले तरी ते अपुरे आहे. नोंदवहीत गोल, कार्ड, कॉर्नर आणि प्रवेश यांचे रकाने असतात. घाबरलेला संघ काय करतो याचा रकाना नसतो. एका गोलाची आघाडी आणि सात मिनिटे बाकी अशा वेळी कोवळी मुले बहुधा एकच गोष्ट करतात, ती म्हणजे येईल तो चेंडू दणकून बाहेर मारतात आणि पुन्हा त्याच चेंडूची वाट पाहत उभी राहतात. या मुलांनी तसे केले नाही. उजव्या बाजूने छोटे छोटे पुश देत त्यांनी चेंडू बाहेर काढला, दोनदा तो थेट प्रतिस्पर्ध्यांच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन तेथे धरून ठेवला, बदली खेळाडू ठरल्या क्रमाने आत-बाहेर झाले आणि साठ मिनिटांत संघाला एकही कार्ड मिळाले नाही. ही मुले आठवड्यातील चार दिवस मुरमाच्या मैदानावर सराव करतात, जेथे चेंडू कोणत्या खड्याला लागून कोठे उडेल याचा नेम नसतो. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू सुसाट आणि सरळ येतो, थांबवताना हात सैल सोडावे लागतात, नाहीतर तो स्टिकवरून दोन हात पुढे जाऊन दुसऱ्याचा होतो. हा फरक पहिल्या पंधरा मिनिटांत अंगवळणी पाडून घेणे सोपे नाही.

आबांनी त्या रात्री क्लबच्या व्हॉट्सॲप गटावर चार मिनिटांचा एक आवाजी संदेश टाकला. पुढच्या गोंधळात त्यातील एक तपशील सगळ्यांच्या नजरेतून सुटला. संदेशाची सुरुवात गोलांनी होत नाही. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला आपल्या लेफ्ट हाफने सपाट स्टिकने, पाय न लावता, मागून न येता, समोरून जो चेंडू काढून घेतला त्याच्या वर्णनाने होते. त्या एका टॅकलवर आबा जवळजवळ दीड मिनिट बोलले आहेत. माझ्या नोंदवहीत त्या मिनिटासमोर काहीच लिहिलेले नाही.

सोमवार ते बुधवार

संदेशाचा शेवट मात्र "यंदाचा चषक खडकीतच" असा होता आणि सोमवारपासून आबा त्या शेवटाप्रमाणे वागू लागले. सकाळी त्यांनी मैदानावर पेढे वाटले. दुपारी बाजारातील ओळखीच्या दुकानदारांकडून मुलाला नवी स्टिक घेण्यासाठी वर्गणी सुरू केली; मुलाला, म्हणजे दोन गोल करणाऱ्या त्या लेफ्ट इनला, एकट्याला. शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे दुसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी, मंडळाच्या सभागृहात सत्कार ठरवला. आणि मंगळवारी सकाळी क्लबच्या मैदानाच्या कुंपणाला एक फ्लेक्स लागला. त्याला परवानगी होती की नाही या प्रश्नात मी शिरत नाही. फ्लेक्सवर त्या मुलाचे छायाचित्र जवळजवळ माणसाएवढे होते, उरलेला संघ खाली टपाल तिकिटांएवढ्या चौकटींत होता, आणि वर ठळक अक्षरांत लिहिले होते : "खडकीचा नवा धनराज".

बाहेरच्या वाचकाला या ओळीचे वजन कळावे म्हणून थोडे सांगणे आवश्यक आहे. धनराज पिल्ले यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी खडकीत झाला. त्यांचे वडील कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत आणि भावंडे मोडलेल्या स्टिका बांधून, टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळत. पुढे चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा ते खेळले, आणि १९९८मध्ये बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले, जे १९६६नंतर प्रथमच मिळत होते. खडकीत साठीच्या पुढचा प्रत्येक माणूस त्यांना लहानपणी खेळताना पाहिल्याचे सांगतो, आणि त्यातील निम्मे तरी खरे सांगत असावेत. अशा गावात हॉकीची स्टिक हातात घेतलेल्या मुलाला ते नाव कधी ना कधी चिकटतेच; पण ते पारावरच्या गप्पांत चिकटणे वेगळे आणि कुंपणावर दहा फुटी अक्षरांत चिकटणे वेगळे. एक गोष्ट आबांनाही ठाऊक होती, पण त्या दिवशी आठवली नाही : धनराज यांनी भारताकडून पहिला सामना खेळला तो डिसेंबर १९८९मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी. फ्लेक्सवरचा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि क्लबच्या वरिष्ठ संघातला त्याचा तो पहिला सामना होता.

परिणाम दिसायला दोन दिवसही लागले नाहीत. मंगळवारच्या सरावात अर्ध्या मैदानाच्या खेळात तो मुलगा चेंडू सोडेना. रविवारी ज्याने एका स्पर्शात चेंडू पुढे दिला होता, तो आता दोघांना चुकवून तिसऱ्याकडे हरत होता. बाकीची मुले त्याला "ए धनराज" अशी हाक मारत होती. त्यात थट्टा किती आणि रुसवा किती हे मुलांनाही सांगता आले नसते. बुधवारी मैदानातून निघताना तो माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "काका, तो बोर्ड काढायला सांगा ना. मी सांगितलं तर आबांना वाईट वाटेल."

येथे माझी स्वतःची चूकही नोंदवली पाहिजे. रविवारी रात्री आबांच्या त्या संदेशाला उत्तर म्हणून मीच लिहिले होते, "पोरगं मोठं होणार." सत्तावीस विरुद्ध अकरा हे आकडे तेव्हा माझ्या पिशवीत होते. टेबलावर बसणाऱ्या माणसाने असे लिहिले, की गॅलरीत बसणाऱ्याला तो दाखला वाटतो. फ्लेक्सवरची ओळ आबांनी लिहिली, हे खरे. तिला शाई थोडीफार माझ्याकडूनही गेली.

अमृततुल्यातील बैठक

बुधवारी रात्री आबांना मी बाजारातील अमृततुल्यात गाठले. प्रशिक्षकाची यादी लांब होती : पेढे नकोत, वर्गणी नको, सत्कार नको, फ्लेक्स नको, गटावर चषकाची भाषा नको. मुलांचे पाय जमिनीवर राहावेत ही त्याची काळजी रास्त होती, आणि तरीही ती यादी जशीच्या तशी आबांपुढे ठेवणे मला पटले नाही. स्थानिक हॉकीला मिळणारे प्रेक्षक मोजून पाहावेत आणि मग उत्साहाला आवर घालण्याची भाषा करावी. जेथे गॅलरीत पालकच असतात आणि पालकांतही अर्धे मोबाइलमध्ये असतात, तेथे आबांसारखा एक माणूस नाउमेद होऊन घरी बसला तर भरून न येणारी जागा रिकामी होते. त्यामुळे आवरायचे ते सगळे नव्हे, त्यातले नेमके काय, हे आधी ठरवायला हवे होते.

मी सुरुवात मात्र चुकीच्या टोकाने केली. पहिल्या विजयाने काही सिद्ध होत नाही हे पटवण्यासाठी मी भारतीय संघाचे दाखले दिले. २०१०च्या दिल्लीतील विश्वचषकात आपण पहिल्याच सामन्यात पाकिस्तानला ४-१ हरवले, सगळा देश नाचला, आणि त्यानंतर एकही सामना न जिंकता आपण आठवे आलो. २०२३च्या विश्वचषकात राउरकेलात स्पेनला २-० हरवून सुरुवात केली आणि न्यूझीलंडविरुद्ध शूटआउटमध्ये हरून उपांत्यपूर्व फेरीपर्यंतही पोहोचलो नाही. आबांनी शांतपणे चहा संपवला आणि विचारले, "आणि टोकियो?"

टोकियो ऑलिंपिकमध्येही सुरुवात विजयाने झाली होती, २४ जुलै २०२१ रोजी, न्यूझीलंडवर ३-२. पॅरिसमध्ये २७ जुलै २०२४ रोजी पुन्हा न्यूझीलंडवरच, पुन्हा ३-२. दोन्ही वेळा कांस्यपदक मिळाले. "म्हणजे आपल्याच पोरांचा स्कोअर," आबा म्हणाले. मी म्हटले, "टोकियोत दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाने आपल्याला ७-१ हाणलं होतं, ते आठवतंय का?" ते म्हणाले, "आठवतंय. मी तेव्हाही टीव्ही बंद केला नव्हता."

या संवादाने माझा युक्तिवाद मोडला, आणि मोडला ते बरेच झाले. पहिल्या विजयानंतर आठवा क्रमांकही येतो आणि पदकही येते, म्हणजे पहिल्या विजयावरून पुढचे काहीच वर्तवता येत नाही. मग त्यावरून उत्साह धरू नये असे तरी कोणत्या आधारावर सांगायचे? "चाळीस वर्षं मैदानावर येतोय," आबा म्हणाले, "टाळ्या वाजवायला आता परवानगी लागते का?" तशी ती लागत नाही. चषक खडकीत येणार असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या चाहत्याने संघाचे काही बिघडत नाही. मुले ते ऐकतात, हसतात आणि विसरतात. पेढ्यांनीही काही बिघडत नाही.

म्हणून मी बाकी सगळे सोडून दिले आणि त्या मुलाचे वाक्य जसेच्या तसे सांगितले.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं त्याला बरं वाटेल." त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मी यापूर्वी कधी ऐकले नव्हते. कारखान्याच्या संघात असताना एका अंतिम सामन्यात त्यांनी शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवरून चेंडू काढला होता. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर गोल करणाऱ्याचे नाव लागले, यांचे नव्हते. "लेफ्ट हाफचं नाव कधीच लागत नाही," ते म्हणाले. मी त्यांना आठवण करून दिली, की रविवारच्या संदेशात त्यांनी दीड मिनिट लेफ्ट हाफविषयी बोलून फ्लेक्सवर मात्र त्याला टपाल तिकिटाएवढे केले आहे. हे बोलायला नको होते असे मला लगेच वाटले, पण बोलून गेलो होतो.

उठताना ठरले ते असे. सत्कार हंगामाच्या शेवटच्या सामन्यानंतर, निकाल काहीही असो. वर्गणी चालू राहील, पण तिच्यातून गोलरक्षकाचे पॅड घ्यायचे, कारण जुने पॅड फाटलेले आहेत आणि रविवारी आठ कॉर्नर त्यानेच अंगावर घेतले होते. फ्लेक्स काढायला आबा तयार नव्हते. पैसे गेले होते आणि कुंपण मोकळे पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा तो बदलायचा ठरला. आबांनी मजकूर तिथेच चहाच्या बिलाच्या मागे लिहिला, आणि गुरुवारी रात्री नवा फ्लेक्स लागला. त्यावर अख्ख्या संघाचे एकच छायाचित्र होते, सगळे चेहरे सारख्या आकाराचे, आणि खाली : "पहिला सामना : विजय, ३-२. दुसरा सामना : शनिवार, दुपारी साडेतीन, नेहरूनगर. या."

प्रशिक्षकाला तेवढाही फ्लेक्स नको होता. त्याच्या मते तो अजूनही विजयाची जाहिरात करीत होता. माझे मत वेगळे पडले : जुना फ्लेक्स एका मुलाकडून काहीतरी मागत होता, नवा रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडून मागत होता. आमचे या मुद्द्यावर अद्याप एकमत नाही.

शनिवार

मुले खडकीहून मेट्रोने संत तुकारामनगरला उतरून, पाठीवर स्टिकांच्या पिशव्या घेऊन, आबांसह मैदानात आली. गॅलरीत साठेक माणसे होती. स्थानिक साखळी सामन्याला इतकी माणसे मी अलीकडे पाहिली नव्हती, आणि त्यातील बहुतेक खडकी बाजारातील होती.

सामना आपण १-४ असा हरलो. प्रतिस्पर्धी चांगले होते, शिवाय त्यांचा फ्लिकर हजर होता. चारपैकी तीन गोल पेनल्टी कॉर्नरवर झाले. लेफ्ट इनला गोल करता आला नाही, पण आपल्या एकमेव गोलाचा शेवटचा पास त्याचा होता, आणि तो त्याने एका स्पर्शात दिला. तिसऱ्या टप्प्यानंतर गॅलरी निम्मी रिकामी झाली. आबा जागचे हलले नाहीत.

सामना संपल्यावर ते टेबलापाशी आले. त्यांनी गोलांविषयी काही विचारले नाही. "डीत किती वेळा गेलो आपण?" असे विचारले. मी वही फिरवून दाखवली : सोळा. त्यांनी मागचे पान उलटायला लावले, रविवारचा आकडा पाहिला, अकरा, आणि दोन्ही आकडे खिशातल्या डायरीत उतरवून घेतले. प्रतिस्पर्ध्यांचा आकडा त्यांनी विचारला नाही; मी सांगितला, एकवीस, तोही लिहून घेतला. पराभवातला हा सामना विजयातल्या सामन्यापेक्षा अधिक बरोबरीचा होता, हे त्यांच्या लक्षात आले होते की ते केवळ मन रमवत होते, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. परतताना मेट्रोत त्यांनी लेफ्ट हाफला शेजारी बसवून घेतले होते, एवढे मी पाहिले.

सोमवारी बाजारातील फ्लेक्सवाल्याचा मला फोन आला. आबा कुंपणावरच्या फ्लेक्सखाली जोडायला एक पट्टी छापायला देऊन गेले होते आणि त्याला वाटत होते की लिहिण्यात चूक झाली असावी, म्हणून तो खात्री करून घेत होता. त्याने आबांनाही दोनदा विचारले होते, "आबा, हरल्याचा फ्लेक्स कोण लावतं?" मजकूर त्याने मला वाचून दाखवला : "दुसरा सामना : पराभव, १-४. तिसरा सामना : रविवार, सकाळी आठ, नेहरूनगर. या." मी त्याला सांगितले, की चूक फक्त वेळेत आहे, सामना साडेसातला आहे.